फुंकरीचं वजन किती?

स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर घ्या. तोच तो चपटा, काचेच्या नाहीतर स्टीलच्या पाठीचा, केक करायच्या दिवशी ताई ज्याला कुणाला हात लावू देत नाही. बटण दाबा. शून्य आलं? आता त्याच्यावर काहीही ठेवू नका. नुसतं वरून जोरात फुंका.

एक... दोन... आणि परत शून्य. फुंकर दमदार असेल तर तीनसुद्धा.

मग काय, तुमची फुंकर २ ग्रॅमची? छे हो! हवा वेगानं खाली आली आणि तिनं काट्याला ढकललं, इतकंच झालं. पण काट्याला बिचाऱ्याला काय माहीत, वर साखर आहे, मांजर आहे की फुंकर! आपल्याला कुणीतरी खाली दाबतंय एवढंच त्याला कळतं. दाब केवढा ते तो बघतो आणि ‘एवढा दाब म्हणजे एवढे ग्रॅम’ असं ठोकून देतो. म्हणूनच पंख्याखाली ठेवलेला काटा ० आणि २ च्या मध्ये नाचत राहतो आणि ताई म्हणते, ‘‘बिघडला वाटतं हा.’’ बिघडला नाही गं ताई, पंखा बंद कर.

पण दाब त्याला कळतो तरी कसा? ते बघायला एखादा मेलेला काटा मिळाला तर बहार येते. मला मिळाला होता. (चालता काटा उघडायचा नाही बरं का! का, ते पुढे कळेलच.) उलटा केला की खाली चार रबरी पाय. पाय उपसले की त्यांच्याखाली लपलेले बारके स्क्रू. ते काढले, बूड वेगळं झालं, आणि आत बघतो तर जवळजवळ रिकामंच घर! एका बाजूला बॅटरीचा कप्पा. एक छोटी सर्किटची पट्टी, तिच्यावर चिप झाकणारा काळा गोल ठिपका. आणि मधोमध बोटाएवढी ॲल्युमिनियमची एक दांडी. शिवाय चमचाभर मैदा आणि तीन वाळक्या मुंग्या होत्या, पण त्या काही कारखान्यातून आलेल्या नव्हत्या.

सगळी जादू त्या दांडीत आहे. तिचं एक टोक खालच्या बुडाला स्क्रूनं आवळलेलं असतं, दुसरं टोक वरच्या पाठीला. दांडीच्या मधोमध आरपार दोन भोकं पाडून ती एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे भोकांच्या वर आणि खाली धातूची अगदी पातळ भिंत उरते. तुम्ही वर कणीक ठेवली की दांडी तिथं वाकते. कणीक काढली की सरळ होते. काही काट्यांत मध्ये एक दांडी नसते, चार कोपऱ्यांत चार छोट्या धातूच्या पट्ट्या असतात. आपण ज्याच्यावर उभं राहतो त्या वजनकाट्यात बहुधा तशाच असतात. पण काम तेच, वाकायचं आणि सरळ व्हायचं.

तेव्हा हे एवढं पक्कं ध्यानात ठेवा: काटा कणकेचं वजन मोजतच नाही. आपण स्वतः किती वाकलो ते मोजतो. काट्याची निगा राखायची म्हणजे त्याचं हे वाकणं आणि सरळ होणं सांभाळायचं. बाकी सगळ्या सूचना यातूनच निघतात, पाठ करायला नकोत.

किती वाकते म्हणता ही दांडी? पूर्ण ५ किलो ठेवले तरी तिचं टोक मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतकंच खाली जातं. मग एका ग्रॅमला? भिंग घेऊन बसलात तरी दिसायचं नाही. म्हणून त्या पातळ भिंतींवर एक हेर चिकटवलेला असतो. पांढरट गोंदाच्या थराखाली प्लास्टिकचा पापुद्रा, आणि त्यावर धातूची नागमोडी, मागेपुढे जाणारी बारीक रेघ. हिला स्ट्रेन गेज म्हणतात. धातूची तार ताणली की किंचित लांब होते आणि किंचित बारीक होते. लांब आणि बारीक तारेतून विजेला जायला जास्त त्रास पडतो, म्हणजेच तारेचा रोध वाढतो. तार आवळली गेली की उलट, रोध कमी.

एक खोडरबर घ्या. त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पेनानं एकमेकींजवळ आडव्या रेघा मारा आणि रबर वाकवा. फुगीर बाजूच्या रेघा एकमेकींपासून लांब जातात, आतल्या बाजूच्या जवळ येतात. एकाच वेळी एक बाजू ताणली जाते आणि दुसरी आवळली जाते. दांडीतही अशीच चार ठिकाणं निवडतात, दोन ताणली जाणारी आणि दोन आवळली जाणारी. तिथं चार गेज चिकटवतात आणि चौकोनात जोडतात. या चौकोनाला व्हीटस्टनचा सेतू म्हणतात. मूळ कल्पना सॅम्युअल ख्रिस्ती यांची, १८३३ सालची. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ साली ती लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचंच चिकटलं. (विज्ञानात असं पुष्कळदा होतं. ख्रिस्तींच्या वतीनं मला अजून राग येतो.)

या सेतूतून बाहेर येणारी विजेची खूण किती चिमुकली असते बघा. काट्यात ३ व्होल्टची बॅटरी असेल आणि वर पूर्ण ५ किलोचा भार असेल, तर बाहेर येतात जेमतेम ३ मिलिव्होल्टच्या आसपास. आता ३ मिलिव्होल्टचे ५,००० भाग करा. एका ग्रॅमच्या वाट्याला एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी येतं. तेवढ्यावरून तो काळा ठिपका १ ग्रॅम सांगतो! आता चालता काटा का उघडायचा नाही ते कळलं ना? दांडीचा एखादा स्क्रू थोडा जास्त आवळला गेला, गोंदाला नख लागलं, की ही सगळी कुजबुज बिघडते.

या हेराचा जन्म १९३८ सालचा आहे. अमेरिकेच्या दोन टोकांना दोन माणसांना एकमेकांची खबर नसताना हीच युक्ती सुचली. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स यांना, आणि तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये एमआयटी या संस्थेत आर्थर रुग यांना. रुग यांना कणीक मोजायची नव्हती. भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचं काय होतं हे त्यांना टाकीची छोटी प्रतिकृती हलवून बघायचं होतं. टाकीच्या पातळ पत्र्यावर किती ताण येतो ते मोजणारं एकही यंत्र इतकं हलकं नव्हतं, की ज्याच्या ओझ्यानंच पत्रा वाकणार नाही. शेवटी त्यांनी बारीक तार पातळ कागदासकट सरळ चिकटवूनच टाकली. गंमत म्हणजे, संस्थेच्या पेटंट समितीला यात फारसा धंदा दिसला नाही आणि तिनं हक्क रुग यांनाच देऊन टाकले. आज ही चिकटवलेली तार स्वयंपाकघरात आहे, उसाच्या ट्रॅक्टरचं वजन करणाऱ्या वजनकाट्यात आहे, पुलांवर आहे, विमानांच्या पंखांच्या चाचणीत आहे. आणि ते सिमन्स? म्हातारपणी ते चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्यासारखा अंगरखा आणि घट्ट विजार घालून गावभर फिरायचे. त्याचा काट्याशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

चला, आता निगा. घरातल्या काट्याचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, पाणी? धूळ? माझ्या मते, बोट. ‘कोण जास्त आकडा आणतो’ हा खेळ तुम्ही खेळला नसाल तर मी नाव बदलीन. अंगठ्यानं दाबून ५ किलोच्या पुढे जाणं मुळीच अवघड नाही. धाकट्या भावंडानं त्यावर पाय ठेवला तर विचारायलाच नको. काट्यावर ‘एरर’सारखी अक्षरं येतात, आपण हसतो, आणि आत दांडी रडत असते.

काय होतं ते एका यू-पिनेवर बघा. तिचा एक पाय हलकेच बाजूला ओढा आणि सोडा. जागेवर येतो. आता जास्त ओढा. आला परत? नाही ना! प्रत्येक धातूची अशी एक हद्द असते. हद्दीच्या आत जितका जोर, तितकं वाकणं, दुप्पट जोराला दुप्पट. हे इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी शोधलं आणि १६७८ साली उघड सांगितलं. त्याआधी दोन वर्षं त्यांनी तो नियम अक्षरांची उलटापालट करून छापला होता, म्हणजे कुणी चोरायला नको आणि ‘आधी मला सुचलं’ हेही सिद्ध करता यावं! हद्द ओलांडली की मात्र दांडी थोडी वाकलेलीच राहते. असा काटा पुष्कळदा चालूच राहतो, शून्यही दाखवतो, कारण बटण दाबलं की जिथं असेल तिथं तो शून्य मानतो. फक्त वजनं खोटी सांगायला लागतो. बंद पडलेला काटा परवडला, खोटं बोलणारा नको.

काट्यावर डब्यांची उतरंड रचून ठेवायची नाही तेही यामुळेच. ओझं हद्दीच्या आतलं असलं तरी दिवसच्या दिवस दाबून ठेवलं की धातू आणि त्यावरचा गोंद हळूहळू सरकतात, आणि ओझं काढल्यावर लगेच जागेवर येत नाहीत. पोळपाट-लाटणं, वरवंटा, कुकर, कुणालाही त्याच्या पाठीवर बसू देऊ नका. कडेला, मोकळा ठेवा.

गरम कढई सरळ काट्यावर ठेवली तर? धातू तापला की प्रसरण पावतो, हे शाळेत शिकलात. काट्याला कुठं कळतंय की आपण उष्णतेनं ताणलो गेलो की कढईच्या वजनानं! चार गेज एकमेकांची उष्णतेची चूक बरीचशी खोडून काढतात खरं, पण ते सगळे सारखे तापले तरच. शिवाय गरम भांड्याभोवतीची हवा वर उठते आणि आकडा हलता ठेवते. भांडं निवू द्या. फ्रीजमधून काढलेलं लोणीही थेट ठेवू नका, मध्ये वाटी असू द्या.

ठेवायचा कुठं? सपाट, टणक जागी. ओटा उत्तम. टेबलावरचा मऊ प्लास्टिकचा कपडा, चटई, गोधडी, सगळं वर्ज्य. आपण उभे राहतो तो मोठा काटा घेऊन हे तपासा. आधी लादीवर वजन करा, मग दुहेरी गोधडीवर. भलताच आकडा येईल. कारण पाय गोधडीत रुततात, काट्याचं पोट गोधडीला टेकतं, आणि तुमच्या वजनातला काही वाटा पायांना चुकवून पोटातून खाली जातो. पायातून जे गेलं नाही ते मोजलं गेलं नाही. छोट्या काट्याचंही तसंच. पाठ आणि बूड यांच्यामधल्या फटीत मैदा साचून घट्ट झाला, तर दांडीला वाकायला जागाच उरत नाही. माझ्या त्या मेलेल्या काट्याचा खून मुंग्यांनी केला नव्हता, त्यांना बोलावणाऱ्या त्या गोड, घट्ट झालेल्या मैद्यानं केला होता. म्हणून काम झालं की कोरड्या ब्रशनं फट झाडायची आणि पाठ ओलसर फडक्यानं पुसायची. नळाखाली कधीही धरायचा नाही.

बॅटरीचं थोडक्यात. ‘लो’ अशी अक्षरं दिसली की बॅटरी बदला, कारण मरत आलेल्या बॅटरीवर काटा काहीही बरळतो. मे महिन्यात गावाला जाताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून कप्पा खातात. आणि तुमच्या काट्यात गोल बटणासारखा सेल असेल तर तो बदलायचं काम मोठ्यांचं. तो लहान बाळानं गिळला तर दोनेक तासांत अन्ननलिका भाजल्यासारखी जखम होऊ शकते. जुना सेल ओट्यावर विसरायचा नाही.

आता काट्याची एक चोरी पकडू या. रिकामा काटा शून्यावर आणा. चिमटीतून मीठ अगदी थोडं थोडं, मध्ये जरा थांबत, टाकत राहा. टाका, थांबा, टाका, थांबा. पुष्कळ काट्यांवर असं होतं की दिसण्याइतका मिठाचा ढीग झाला तरी आकडा शून्यच! आणि सगळं मीठ एकदम झटकलंत की आकडा उणे. चोर सापडला! झालं काय, तर उष्णतेनं शून्य इकडेतिकडे सरकतं हे काटा बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून त्यांनी त्याला शिकवून ठेवलेलं असतं, ‘शून्याच्या जवळ असताना काही हळूहळू, बारीक बारीक बदललं, तर ते खरं धरू नकोस, गिळून टाक.’ तो तुमचं मीठ इमानेइतबारे गिळत होता. उपाय सोपा आहे. आधी एक वाटी ठेवा आणि आकडा शून्यावर आणणारं ‘टेअर’चं बटण दाबूच नका. वाटी ८४ ग्रॅम दाखवते? मग ८७ होईपर्यंत मीठ घाला. ८४ वर तो शून्यापासून लांब असतो, गिळत नाही.

काटा खरं बोलतोय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं? पुष्कळजण किलोचं मिठाचं पाकीट ठेवून बघतात. ते बरोबर नाही. एक तर पाकिटावर लिहिलेलं वजन आतल्या मिठाचं असतं, पिशवीचं धरून नाही. दुसरं म्हणजे किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत कमीजास्त असायला कायद्यानंच मुभा आहे. त्यापेक्षा सरकारनं वजन ठरवून दिलेली वस्तू तुमच्या गल्ल्यात आहे. २० रुपयांचं बारा कोनांचं नाणं ८.५४ ग्रॅमचं असतं. आजोबा, काका, शेजारच्या मावशी, सगळ्यांकडून मिळून दहा गोळा करा. ८५.४ भरले पाहिजेत. तुमचा काटा ८५ म्हणाला तर शाबास, ८६ म्हणाला तरी रागावू नका, ९१ म्हणाला तर काहीतरी गडबड आहे. रुपयाची नाणी मात्र या कामाला घेऊ नका. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा, तर २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा. दोन्ही खिशात सारखेच वाजतात आणि हिशेब चुकवतात.

नाण्यांशिवायही होतं. दोन बटाटे घ्या. एकेकटे मोजा, मग दोन्ही एकत्र मोजा. बेरीज जुळली पाहिजे, एखाद्या ग्रॅमचा फरक चालेल. मग एकच बटाटा मधोमध ठेवा आणि नंतर एकेका कोपऱ्यात. आकडा तोच राहायला हवा. कोपऱ्यात वेगळा येत असेल तर वस्तू मधोमधच ठेवायची सवय लावा. हे सगळं वहीत तारीख टाकून लिहून ठेवा आणि दिवाळीचा फराळ सुरू व्हायच्या आधी परत करा.

आणि हो, आई घरून लाडू-चकल्या किलोवर विकत असेल, तर हा ओट्यावरचा काटा चालणार नाही बरं का. विकण्यासाठी वापरायच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दर वर्षी, आणि दांडीच्या तराजूची आणि लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी. भाजीवाल्या मावशींना विचारून त्यांचं किलोचं वजन हातात घ्या. त्याच्यात एक खळगा असतो, शिसं ओतून भरलेला, आणि शिशावर ठोकलेल्या शिक्क्यांच्या बारीक खुणा. शिसं कशाला? वजन कमी भरलं तर त्यात थोडं शिसं वाढवता येतं, जास्त भरलं तर थोडं काढता येतं, आणि शिक्का मारल्यावर कुणी हात लावला तर लगेच दिसतं. लोखंडी वजनाला गंज चढला तर ते हलकं होतं की जड? गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं, म्हणून आधी जड. मग पापुद्रे गळायला लागले की हलकं. म्हणजे दोन्ही बाजूंनी पंचाईत.

तपासणाऱ्या साहेबांचं वजन कोण तपासतं? त्याच्याहून बारकाईनं जपलेलं दुसरं वजन. त्याला तिसरं. अशी साखळी नागपूरसारख्या काही शहरांतल्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळांतून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथं प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक किलोचा ठोकळा आहे, क्रमांक ५७. त्याचा थोरला भाऊ पॅरिसजवळ सेव्हर इथं, एकात एक अशा तीन काचेच्या हंड्यांखाली. त्याची तिजोरी उघडायला तीन वेगवेगळ्या किल्ल्या लागत. १८८९ पासून ‘एक किलो म्हणजे हा ठोकळा’ असं सगळ्या जगानं ठरवलं होतं. त्याला मऊ कातड्यानं पुसायचे, वाफेनं धुवायचे, आणि वर्षानुवर्षं बाहेरही काढायचे नाहीत. एवढे लाड करूनही शंभर वर्षांत तो आणि त्याची भावंडं यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. खसखशीचा एक दाणासुद्धा याच्या कितीतरी पट जड असतो! पण चूक नक्की कुणाची, थोरल्याची की धाकट्यांची, हे सांगायचं कसं? किलो तर तोच होता. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावरून काढून प्लांकचा स्थिरांक नावाच्या निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर नेली.

तुमचा काटा परगावी नेला तर? तो दाब मोजतो, आणि दाब येतो पृथ्वीच्या ओढीतून. ती ओढ सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्ताजवळ थोडी कमी, ध्रुवांकडे थोडी जास्त. मुंबईत बरोबर जुळवलेला काटा लंडनच्या आत्यानं सोबत नेला, तर तिथं तिची १ किलो भाजणी तो अडीच-तीन ग्रॅम जास्त सांगेल. भाजणी तेवढीच, ओढ जास्त. दांडीच्या तराजूला मात्र हे कळणारही नाही, कारण ओढ वाढली तर दोन्ही पारड्यांत सारखीच वाढते. चंद्रावर नेलात तरी तराजू किलोला किलोच म्हणेल.

म्हणून माळ्यावर जुना तराजू असेल तर तो मोडीत देऊ नका. त्याच्या दांडीच्या मध्ये एक पोलादी तिकोनी सुळका असतो, त्याच्या धारेवर सगळा डोलारा तोललेला असतो. ती धार म्हणजे तराजूचा जीव. ती गंजली, बोथट झाली की तराजू आळशी होतो, चिमूटभर टाकल्यावर हलतच नाही. कोरड्या फडक्यानं पुसा, तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते. आणि ठेवताना पारडी रिकामी असू द्या. सोनाराचा एवढासा तराजू आपल्या लाकडी पेटीत कसा निजतो ते बघा. त्या पेटीत पूर्वी लाल-काळ्या गुंजाही असायच्या. ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा. गुंज कुठं सापडली तर बघा, पण तोंडात अजिबात घालू नका. ती जबर विषारी असते.

रिकामा तराजू एका बाजूला कलत असेल तर वरच्या पारड्याला पासंग बांधतात, तारेचा तुकडा नाहीतर एखादं नाणं, दांडी सरळ होईपर्यंत. पण सावधान! दांडीचे दोन्ही हात सारख्या लांबीचे नसतील, तर पासंग लावून रिकामा तराजू सरळ दिसेल आणि वजन तरीही खोटंच सांगेल. पकडायचं कसं? वस्तू आणि वजनं यांची पारडी बदलून बघा. आकडा बदलला की तराजू लबाड.

आणि लबाड तराजूवरही खरं वजन करता येतं! अठराव्या शतकात जाँ-शार्ल द बोर्दा नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ होऊन गेले. मेट्रिक मापं ठरवणाऱ्या मंडळींत तेही होते. त्यांची रीत अशी. एका पारड्यात गूळ ठेवा. दुसऱ्यात वाळू टाकत दांडी सरळ करा. आता वाळूला हात न लावता गूळ उचला आणि त्याच पारड्यात, गुळाच्या जागी, वजनं ठेवत दांडी परत सरळ करा. जेवढी वजनं लागली तेवढाच गूळ. तराजूची लबाडी दोन्ही वेळा तीच होती, म्हणून कामाला आली नाही.

जाता जाता एक कोडं. एका तराजूच्या दांडीचे हात कमीजास्त आहेत, पण पासंग लावून रिकामा असताना तो सरळ राहतो. गुळाची ढेप डाव्या पारड्यात ठेवली तर ती ४०० ग्रॅम भरते. उजव्या पारड्यात ठेवली तर ९०० ग्रॅम. ढेपेचं खरं वजन किती? कागद-पेन्सिल घ्या, दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून पाहा आणि मग वर्गमूळ आठवा. उत्तर ६५० नाही, एवढं मी आत्ताच सांगून ठेवतो.